वालाच्या वाफ्यातला भांबुर्डा

पनवेलला आम्ही राहायचो त्या घराचं पुढचं दार मला आता धड आठवत नाही, मागचं मात्र स्वच्छ आठवतं. मागच्या दाराला तीन पायऱ्या, खाली कपडे धुवायचा दगड, आणि दगडापलीकडे आईने पावसात खणून ठेवलेला एक लांबट वाफा. वाफा खणून झाला आणि आई भांबुर्ड्याला गेली. भांबुर्डा म्हणजे पुण्यातलं शिवाजीनगर. सगळं पुणं शिवाजीनगर म्हणायला लागलं तरी माझे आजोबा हट्टाने भांबुर्डाच म्हणायचे, पत्राच्या मागे पत्ताही तसाच घालायचे, त्यामुळे आमच्या घरात आईचं माहेर म्हणजे भांबुर्डा. गणपती झाल्यावर आजोबा न्हाणीघरात घसरून पडले, खुब्याचं हाड मोडलं, म्हणून आई पंधरा दिवसांसाठी गेली. दसरा झाला. दिवाळी मी आणि बाबांनी विकतच्या चकल्यांवर काढली. आजोबा काठी घेऊन चालायला लागले असं पत्रात आलं, तरी आई आली नाही. का आली नाही ते मला कोणी सांगितलं नाही, आणि विचारायची माझी छाती नव्हती. मी तेव्हा सातवीत होते.

आईबाबांचं भांडण मी कधी ऐकलं नाही. ऐकलं असतं तर बरं झालं असतं असं आता वाटतं, निदान कशावरून काय ते कळलं असतं. आमच्याकडे कोणी आवाज चढवायचंच नाही. बाबा सरकारी कचेरीत कारकून, घरी आले की हातपाय धुवून रेडिओ लावायचे आणि बातम्या संपल्या तरी बंद करायचे नाहीत. आई स्वयंपाकघरात, बाबा बाहेरच्या खोलीत, मधे मी. ‘बाबांना विचार, ताक हवंय का’ आणि ‘आईला सांग, नको’ एवढं बोलणं माझ्यातर्फे व्हायचं. आई गेल्यावर तेही काम उरलं नाही. बाबा रोज खिचडी करायचे. मूग-तांदूळ, हळद, मीठ, बास. कुकरच्या चौथ्या शिट्टीला ते घड्याळात बघायचे, का बघायचे देव जाणे, कारण नंतर कुठे जायचं नसायचं. मी तशी लहानपणापासून चिडकी, पण त्या खिचडीला मी कधी नाव ठेवलं नाही.

माझी शाळा सकाळची. साडेबाराला मी घरी यायचे, गळ्यातल्या दोऱ्याला अडकवलेल्या किल्लीने कुलूप काढायचे, आणि तिथून सहापर्यंत घरात मी एकटी. एकटं म्हणजे किती एकटं, तर मी इतिहासाचा धडा मोठ्याने वाचायचे, केवळ घरात कोणाचा तरी आवाज व्हावा म्हणून. वर्गात मैत्रिणी जमल्या नव्हत्या. बाबांच्या बदलीमुळे पुण्याहून आलेली, नाकात बोलणारी, असं माझं नाव झालं होतं, आणि मीही काही कमी नव्हते, त्यांच्या बोलण्याला हसायचे. दुपारी दोनला एक कोळीण ओरडत जायची, मग चारपर्यंत काही नाही. मागच्या पायरीवर बसलं की शेतांच्या पलीकडे कर्नाळ्याचा सुळका दिसायचा. मला आई हवी होती. इतकी साधी गोष्ट होती ती, पण बाबांसमोर बोलायची चोरी.

आई जाताना स्वयंपाकघराच्या फळीवर एका औषधाच्या बाटलीत वालपापडीचं बी ठेवून गेली होती. पहिल्याच पत्रात तिने लिहिलं, ‘निलू, वाफा तयार आहे, नवरात्रात वाल टोच. वेल वर चढायला लागला की काठ्या लाव. आणि तण काढ, नाहीतर वाल गुदमरेल.’ मी त्या पत्राचा अर्थ माझ्यापुरता असा लावला की वालाला शेंगा येतील तेव्हा आई येईल. तिने तसं कुठे लिहिलं नव्हतं. पण स्वतः खाणार नसेल तर कोणी वाल कशाला लावायला सांगेल, असा माझा हिशेब. मी बाटली घेऊन मागे गेले तर वाफा दिसेना. आई गेल्यापासून त्यात गुडघाभर रान माजलं होतं. हराळी, आघाडा, केना, आणि सगळ्याच्या खाली लव्हाळा. मी मूठ मूठ धरून उपटायला लागले. हात कापले, वरचं गवत हातात आलं आणि खालचं जिथल्या तिथे. दोन दिवसांत लव्हाळ्याचे हिरवे टोकदार कोंब पुन्हा वर.

तिसऱ्या दिवशी कुंपणापलीकडून आवाज आला. “काय करतेस गो? केस उपटतेस का जमिनीचं?” ती गुलाबमावशी. आमची घरमालकीण, शेजारीच राहायची. नवरा मिठागरावर, मुली लग्न होऊन उरणकडे, हिचं शेत घरामागेच. उंच, काळी, दातांना सदा मशेरी. आई तिच्याशी फारसं बोलायची नाही, तिच्या घरात सुकी मासळी असायची म्हणून. मला तर तिची भीतीच वाटायची. ती कुंपण ओलांडून आली, माझ्या हातात खुरपं दिलं आणि मला उकिडवं बसवलं. “असं वरनं ओढू नको. खालनं गाठ काढ. गाठ रायली का तो परत आलाच. आनि काढलेला हितं टाकू नको, उन्हात टाक, सुकू दे.” लव्हाळ्याच्या मुळाशी हरभऱ्याएवढी काळी गाठ असते, आणि एका गाठीला दोरा, दोऱ्याला दुसरी गाठ, असं ते खाली खाली जातं. ती गाठ न तोडता अख्खी काढायची. मी रोज दुपारी हातभर जागा साफ करायचे. आता मला कोणी सांगितलं की दिवसातले चार तास खाली मान घालून गाठी काढत बस, तर मी त्याला वेड्यात काढीन. तेव्हा मला ते काम देवासारखं भेटलं. सहा वाजायचे कधी ते कळायचं नाही.

नवरात्रात बी टोचलं. आठव्या दिवशी वाल वर आला, दोन जाड पानं डोकं खाली घालून. मी आईला पत्र लिहिलं, आईचं उत्तर आलं. दर आठवड्याला एक अंतर्देशीय पत्र ती मला पाठवायची, मी तिला. बाबांचा तिच्या पत्रात शेवटी ‘बाबांना नमस्कार’ एवढा उल्लेख, आणि ते पत्र मी टेबलावर ठेवलं की बाबा फक्त तेवढी ओळ वाचायचे. ते कळायचं, कारण पत्र उघडल्यासारखं करून लगेच मिटायचे.

दिवाळीनंतर वाफ्यात एक नवीनच तण आलं. लवदार पानं, ओलसर, हाताला उग्र वास, साबणाने धुतला तरी जाईना. लव्हाळ्यासारखं चिवट नव्हतं पण सगळीकडे होतं. मी गुलाबमावशीला विचारलं, हे कसलं. ती म्हणाली, “भांबुर्डा तो.” मी म्हटलं, भांबुर्डा तर माझं आजोळ आहे. तिला वाटलं मी थट्टा करते. “आजोल काय? भांबुर्डा गो, पोपटीला लागतो तो. तुमी पुन्याची मानसं, तुमाला काय ठाव.” मला इतकं हसू आलं, किती दिवसांनी आलं. माझ्या आईचं माहेर म्हणजे पनवेलचं एक तण. ही गंमत आईला कधी सांगते असं झालं. त्या दोन दिवसांत मी वाफ्यातला सगळा भांबुर्डा काढला, बाबांना संध्याकाळी साफ वाफा दाखवला, तेव्हा ते म्हणाले, “छान केलंस.” आणि मग मी पत्र लिहायला बसले.

नुसतं सांगून टाकलं असतं तर पुढचं काही झालं नसतं, निदान मी पुष्कळ दिवस असं समजत होते. पण मला शहाणपणा सुचला. मला वाटलं, कोड्यासारखं लिहावं. आईला अर्थ कळणार नाही, मग ती विचारेल, हे काय गं लिहिलंस? म्हणजे एक पत्र जास्त येईल. म्हणून मी वाफा, वाल, तण असा एकही शब्द घातला नाही. ते पत्र मला आजही पाठ आहे. ‘ती. आईस, इथे भांबुर्डा फार माजला होता. मला त्याचा वास सहन होत नाही. मी तो मुळासकट उपटून टाकला. बाबा म्हणाले, छान केलंस. आता पुन्हा भांबुर्डा आपल्या घराच्या आसपास दिसणार नाही. तुझी निलू.’ पत्र पेटीत टाकून येताना मी रस्त्यात एकटीच हसत होते.

उत्तर आलं नाही. एक आठवडा गेला, दुसरा गेला. मी आणखी दोन पत्रं लिहिली, त्यात वालाची खबर, शाळेची खबर, ती माझी शहाण्यासारखी पत्रं होती. त्यांनाही उत्तर नाही. पोस्टमन आमच्या दारावरून सायकलवरून जायचा तेव्हा मी खिडकीतून त्याच्याकडे रागाने बघायचे, जसं काही त्यानेच पत्रं दाबून ठेवली. माझ्या कोड्याचा आणि ह्या गप्प बसण्याचा काही संबंध असेल हे माझ्या स्वप्नातही आलं नाही. मला भांबुर्डा म्हणजे तण हे आता इतकं ठाऊक झालं होतं की दुसऱ्या कोणाला ते ठाऊक नसेल हेच मी विसरले. बाबा संध्याकाळी आल्या आल्या टेबलाकडे बघायचे आणि रेडिओ लावायचे.

वालाला ह्याचं काही नव्हतं. मी काठ्या रोवल्या, सुतळी बांधली, आणि वेल असा सुटला की काठ्या पुरेनात. माव्याची कीड पडली तेव्हा गुलाबमावशीने चुलीतली राख दिली, ती मी पहाटेच्या दवात पानांवर भुरभुरवली. जांभळा तुरा आला, तुऱ्याला नखाएवढ्या चपट्या शेंगा. हल्ली मी पनवेलजवळच करंजाड्याला सातव्या मजल्यावर राहते आणि सुनेने गॅलरीत कुंड्यांमधून काय काय लावलंय. तण म्हणून नाही. मातीसुद्धा पिशवीतून येते. मी तिला म्हटलं, हे बरंय बाई तुमचं. ती मला विचारते, आई, तुम्ही कधी काही लावलं होतं का? मी म्हणते, वाल. एवढंच म्हणते.

शेंगा भरल्या, संक्रांत जवळ आली, आणि एका रविवारी गुलाबमावशीने बाबांना कुंपणावरून हाक मारली. “साहेब, पोरीला घेऊन या संध्याकाली. पोपटी लावतो. घाबरू नका, तुमच्या मडक्यात अंडं-कोंबडी काय टाकत नाय.” बाबा नको म्हणता म्हणता आले. शेतात तिने दोन मडकी मांडली होती. तळाला पाला, त्यावर शेंगा, त्यात अर्ध्या माझ्या वालपापडीच्या, मीठ-ओवा, वर पुन्हा पाला दाबून मडकं उपडं केलं, भोवती पेंढा आणि काटक्या रचून पेटवलं. ऊन उतरलं होतं. तिने मडक्यावर पाण्याचे चार थेंब टाकले, ते चर्र झाले, तेव्हा म्हणाली, झाली. मडकं उघडलं आणि जो वाफेचा वास आला तो मी विसरणार नाही. तोच उग्र वास, पण शिजून गोडसर झालेला. बाबा शेंगा सोलून खायला लागले. कितीतरी दिवसांनी मी त्यांना भूक लागल्यासारखं खाताना बघितलं. ते म्हणाले, “वास कसला सुरेख आहे हो. काय घातलंय?” मावशी म्हणाली, “भांबुर्डा. त्याच्याबिगर पोपटी कसली.”

बाबा हसले. म्हणाले, “भांबुर्डा? आमच्या सासऱ्यांना सांगायला पाहिजे.” आणि मी फुशारकीने म्हटलं, “मी आईला लिहिलंय. कोडं घातलंय, भांबुर्डा उपटला म्हणून.” बाबांच्या हातातली शेंग तशीच राहिली. “काय लिहिलंस? नीट सांग. शब्दन् शब्द सांग.” मी सांगितलं. ‘बाबा म्हणाले, छान केलंस’ ह्या वाक्याला त्यांनी डोळे मिटले. मग त्यांनी मला काय केलं असेल? मारलं नाही, ओरडले नाहीत. मला जवळ ओढलं आणि हसायला लागले, खांदे हलेपर्यंत. “अगं वेडे,” ते म्हणाले, “म्हणून होय. म्हणून होय.” तेव्हा मला कळलं मी काय करून ठेवलंय, आणि मी रडायला लागले. गुलाबमावशीला काहीच उमगेना. “येक हसतो, येक रडते,” ती म्हणाली, “खाऊन घ्या आधी.”

घरी येऊन बाबांनी पत्र लिहिलं. माझ्या आठवणीत त्यांनी आईला लिहिलेलं ते पहिलं पत्र. मला वाचायला दिलं नाही, पण पाकिटात त्यांनी भांबुर्ड्याची चार पानं घातली, पुरावा म्हणून. आणि दुसऱ्या दिवसापासून आमच्या घरात वेगळाच माणूस राहायला आला. बाबांनी स्वयंपाकघरातले डबे पुसले. न्हाणीघरातला गेलेला दिवा बदलला. माझ्याबरोबर वाफ्यात उकिडवे बसून लव्हाळ्याच्या गाठी काढायला लागले आणि खालची गाठ तुटली की माझी बोलणी खायला लागले. एका शब्दाचा घोटाळा, तो निस्तरला की झालं, असं त्यांच्या चेहऱ्यावर दिसायचं. मलाही तसंच वाटत होतं. त्या दहा-बारा दिवसांत मला घर घरासारखं वाटलं, आई नव्हती तरी.

आई आली ती बुधवारी, भर दुपारी. मी शाळेतून आले तर मागच्या पायरीवर बसलेली. बाबा कचेरीत असणार हे तिला माहीत होतंच. तिच्या मनगटावर घड्याळ होतं, पूर्वी नव्हतं. मी दप्तर टाकून तिच्या गळ्यात पडले, मग हात धरून तिला वेलाकडे नेलं. तिने शेंगा चाचपून बघितल्या, म्हणाली, “किती छान धरलाय गं.” मी टोपलीभर तोडल्या. आम्ही दोघी पायरीवर बसून शेंगांच्या शिरा काढायला लागलो. मी म्हटलं, “आई, ते तण होतं. इकडे त्याला भांबुर्डा म्हणतात. बाबांनी लिहिलं ना तुला?”

“लिहिलं. पानंही मिळाली. तुझ्या आजोबांना वाचून दाखवलं, ते तर किती वेळ हसत होते.”

“मग तू आता येणार ना?”

तिने तीनचार शेंगांच्या शिरा काढल्या. मग म्हणाली, “निलू, तुला खोटं सांगणार नाही. तुझं पत्र वाचून मला वाईट नाही वाटलं. सुटल्यासारखं वाटलं. तिथे रोज सकाळी उठलं की मनात यायचं, आज निघायला पाहिजे, आज निघायला पाहिजे. पत्र आलं आणि वाटलं, चला, आता नाही गेलं तरी कोणी काही म्हणणार नाही. मी तिथे बालवाडीत शिकवायला लागलेय.”

“म्हणजे माझ्यामुळेच.”

“तुझ्यामुळे नाही गं. ते पत्र नसतं तर मी दुसरं काहीतरी शोधलं असतं.” मग टोपली बाजूला सारून म्हणाली, “तू येतेस माझ्याबरोबर? शाळेचं बघेन मी.”

मी म्हटलं, “मग बाबा?” ती मांडीवरच्या शिरा गोळा करायला लागली. मी म्हटलं, “नको.” खरं सांगते, मी नको म्हटलं आणि ती पुन्हा विचारेल म्हणून वाट बघत बसले. दुसऱ्यांदा विचारलं असतं तर मी गेले असते. तिने विचारलं नाही. शिरा काढलेल्या शेंगा तिने ताटात नीट लावल्या, माझी वेणी सोडून पुन्हा घातली, आणि चारच्या एस्टीने गेली. मी स्टँडपर्यंत गेले नाही.

बाबा सहाला आले. ताट बघितलं, माझी वेणी बघितली आणि उभ्याउभ्याच म्हणाले, “आली होती?” मी हो म्हटलं. “माझं पत्र मिळालं होतं ना तिला? काय म्हणाली?” त्यांनी अजून चपलाही काढल्या नव्हत्या. आईने मला सांगितलं ते त्यांना सांगायचं म्हणजे काय, ते मला त्या क्षणी बरोबर कळलं. मी म्हटलं, “तिला माझं पत्र फार लागलं, बाबा. तण असलं तरी लागलं, म्हणाली. आता तिचं मन नाही.” बाबा खुर्चीवर बसले. चपला काढल्या, माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, “जाऊ दे. तुला काय माहीत होतं. लहान आहेस.” त्या रात्री त्यांनी रेडिओ लावला नाही. आम्ही वालाची भाजी केली आणि जेवलो.

पुढे कोणी विचारलं की निलूची आई पुण्याला का राहते, तर बाबा तीच गोष्ट सांगायचे. आमच्या पोरीने एका शब्दाने घोटाळा केला हो, नाहीतर काही नव्हतं. सांगताना हसायचे. मला राग यायचा, कधी कधी ओठावर यायचं, पण मी त्यांना सांगू दिलं. त्यांच्याकडे दुसरं काय होतं.

माझ्या लग्नाला आई आली. मांडवात सगळ्यांदेखत बाबा तिच्याजवळ गेले. इतक्या वर्षांत ते तिच्याशी पहिल्यांदा बोलत होते. हात जोडल्यासारखे करून म्हणाले, “आज तरी पोरीला माफ कर. त्या पत्राचं मनात ठेवू नको, लहान होती ती.” आईने माझ्याकडे बघितलं. मी मान खाली घातली नाही, तिच्याकडे बघत राहिले. मग ती बाबांना म्हणाली, “केव्हाच केलं माफ,” आणि अक्षता घेऊन माझ्या शेजारी येऊन उभी राहिली.